पहाटेच्या ब्रेकचे दुखणे

विशेष प्रतिनिधी, ठाणे

डिसेंबर-जानेवारीत मुंबईकर गुलाबी थंडीचे कौतुक करीत असतात, तेव्हा कल्याण, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील पारा मुंबईपेक्षा काही अंश खाली गेलेला असतो. एखाद्या पहाटे तो ११-१२ अंशांपर्यंतही उतरतो. याच दिवसांत मोटारमालकांची एक तक्रार गॅरेजमध्ये येते. सकाळी गाडी काढताना ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक लागते. जोर लावूनही गाडी नेहमीच्या ठिकाणी थांबत नाही. पाच-दहा मिनिटे गाडी चालली, की सारे सुरळीत होते. दुपारी गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा दुखण्याचा मागमूस नसतो. मेकॅनिक एक फेरी मारून येतो, 'ब्रेक ठीक आहे, थंडीमुळे होते' असा निर्वाळा देतो आणि मालक निर्धास्त होऊन घरी परततो.

हा निर्वाळा अर्धाच खरा आहे. सुस्थितीतील ब्रेकयंत्रणा बिघडावी एवढी कडाक्याची थंडी ठाणे जिल्ह्यात पडत नाही. येथील थंडी एवढेच करते, की आधीपासून मुरलेला बिघाड रोज सकाळी काही मिनिटांपुरता उघडा पाडते. दिवसाचा उकाडा तो पुन्हा झाकून टाकतो. नेमकी हीच मिनिटे सोसायटीच्या तळघरातील वाहनतळाचा चढ-उतार, गेटबाहेर शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले आणि स्टेशनच्या दिशेने धावणारे नोकरदार यांच्यामधून वाट काढण्याची असतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ गॅरेजचा राहत नाही. ब्रेकचे निदान कोणी, केव्हा आणि कसे करायचे, या प्रश्नाला त्यातून तोंड फुटते.

बूस्टर करतो काय?

मोटारीचा ब्रेक केवळ पायाच्या जोरावर लागत नाही. पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये तव्यासारखा दिसणारा एक गोल, काळा डबा असतो. तोच ब्रेक बूस्टर. जुने मेकॅनिक त्याला 'सर्व्हो' म्हणतात. या डब्याच्या आत रबरी पडदा असतो आणि त्यामुळे डब्याचे दोन कप्पे होतात. इंजिन सुरू असताना दोन्ही कप्प्यांतील हवा शोषून घेतली जाते. पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनात ही शोषणशक्ती इंजिनाच्या हवा ओढण्याच्या क्रियेतूनच मिळते. डिझेल इंजिनात त्यासाठी वेगळा निर्वात पंप बसवलेला असतो. चालकाने पेडल दाबले, की मागच्या कप्प्यात बाहेरची हवा शिरते. पुढच्या कप्प्यात पोकळी आणि मागे हवेचा दाब, अशा स्थितीत पडदा पुढे ढकलला जातो आणि तो मास्टर सिलिंडरवर जोर देतो.

हा जोर किती असतो, याचा हिशेब उद्बोधक आहे. पडद्याचा व्यास २५ सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ ४९० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते. हवेचा पूर्ण दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. त्याचा दोन-तृतीयांश हिस्सा जरी हाती लागला तरी तीनशे किलोंच्या घरातील बळ चालकाच्या पायाच्या मदतीला येते. ही मदत अचानक थांबली, तरी ब्रेक पूर्णपणे निकामी होत नाही. पाय ते मास्टर सिलिंडर हा मार्ग शाबूत असतो. मात्र तेवढ्याच अंतरात गाडी थांबवायला कित्येक पट जोर लावावा लागतो. वयस्कर किंवा नवशिक्या चालकाला तो ऐनवेळी लावता येईलच असे नाही, आणि अशा प्रसंगी 'ब्रेक लागलाच नाही' असेच त्याला वाटते.

इंजिन बंद झाल्यावर लगेच मदत संपू नये, म्हणून बूस्टरकडे येणाऱ्या नळीवर एकाच दिशेने हवा जाऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याच्यामुळे डब्यातील पोकळी टिकते आणि इंजिन बंद पडल्यावरही दोन-तीन वेळा ब्रेक सहज लागतो. पडदा, नळी आणि हा व्हॉल्व्ह या तीन रबरी वस्तूंवर सारी मदार आहे.

थंडीचा संबंध कोठे?

रबर जुने झाले की कडक होते आणि थंडीत आणखी ताठरते. नव्या, लवचिक रबराला १२ अंशांचे काहीच वाटत नाही. दहा-बारा वर्षे इंजिनाच्या उष्णतेत भाजून निघालेल्या व्हॉल्व्हची कड मात्र सकाळी नीट बसत नाही. नळीच्या टोकाला गेलेली केसाएवढी चीरही थंड असताना उघडी राहते. इंजिन तापले, रबर सैलावले, की गळती कमी होते आणि पेडल पुन्हा हलके लागते.

दुसरे कारण इंजिनाच्या वागण्यात आहे. थंड इंजिन सुरू होताच त्याचे फेरे काही काळ वाढवले जातात. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावे, हा त्यामागचा हेतू असतो. त्यासाठी इंजिनात जास्त हवा सोडली जाते आणि त्या प्रमाणात शोषणशक्ती घटते. तापलेले, निरोगी पेट्रोल इंजिन संथ गतीवर पाऱ्याच्या १८ ते २२ इंचांएवढी पोकळी निर्माण करते. सकाळच्या पहिल्या मिनिटांत ती कमी भरते. बूस्टर धडधाकट असेल तर ही तूट जाणवत नाही. त्यातच गळती असेल तर दोन्ही उणिवांची बेरीज होते. डिझेल गाडीत इंजिनातील तेल जुने आणि घट्ट झाले असेल तर निर्वात पंपालाही सकाळी वेग घ्यायला वेळ लागतो.

नळीत साचलेल्या बाष्पाचा बर्फ होऊन बूस्टर बंद पडणे, हा प्रकार कॅनडा वा युरोपच्या उत्तर भागात ठाऊक आहे. ठाणे-डोंबिवलीत त्याचा संभव नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात; पण तेथे मुक्काम करणाऱ्या किंवा मोटार घेऊन मनाली, काश्मीर गाठणाऱ्या पर्यटकांपुरताच तो विचार करावा. येथे घरच्या वाहनतळात पेडल कडक लागत असेल तर बर्फाला दोष देता येणार नाही. काहीतरी झिजले आहे किंवा फुटले आहे, असेच समजावे.

रिक्षा आणि दुचाकींना बूस्टर नसतो, त्यामुळे त्यांना हे दुखणे लागू नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींत इंजिनाची शोषणशक्ती नसल्याने विजेचा पंप किंवा थेट विजेवर चालणारा बूस्टर असतो. तेथे बिघाडाची सूचना बहुधा चालकासमोरच्या फलकावरील दिव्यातून मिळते आणि तो दिवा दुर्लक्षून चालत नाही.

निदान घरच्या घरी

या बिघाडाचे प्राथमिक निदान करायला कोणतेही उपकरण लागत नाही. वेळ मात्र पहाटेचीच हवी, रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करण्यापूर्वीची. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून उभी असावी.

पहिली चाचणी अशी. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबावे. डब्यात उरलेली पोकळी संपते आणि पेडल कडक होते. ते कडक होणे हा दोष नव्हे. अनेक जण येथेच घाबरतात. आता पेडलवर पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. ते जागचे हलले नाही, तर पोकळी बूस्टरपर्यंत पोहोचत नाही किंवा पडदा फाटला आहे.

दुसरी चाचणी डबा हवाबंद आहे की नाही, याची. इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे आणि पेडल सावकाश तीनदा दाबावे. पहिल्या वेळी ते सर्वाधिक खाली जायला हवे, नंतर दर वेळी थोडे वर लागायला हवे. पहिल्यापासूनच ते कडक लागले तर पोकळी टिकत नाही. संशय प्रथम एकेरी व्हॉल्व्हवर आणि नळीवर घ्यावा.

तिसऱ्या चाचणीत इंजिन सुरू असताना पेडल दाबून धरावे, तसेच धरून इंजिन बंद करावे आणि अर्धा मिनिट थांबावे. पेडल जागेवर राहिले तर ठीक. ते हळूहळू पायाला वर ढकलू लागले तर डब्यात हवा शिरते आहे. पेडल दाबताच पायाजवळ 'स्स्स' असा सलग आवाज येणे किंवा उभ्या गाडीचे इंजिन अडखळणे, ही पडदा फाटल्याची ठळक लक्षणे आहेत.

याच ठिकाणी मेकॅनिककडून एक चूक हमखास होते. पेडल कडक आहे म्हटल्यावर पॅड बदलले जातात, ड्रम घासले जातात, ब्रेक ऑइल काढून नवे भरले जाते. खर्च होतो, दुखणे जात नाही. वास्तविक पेडलची भाषा पुरेशी स्पष्ट आहे. पेडल कडक लागणे हे बहुधा बूस्टरचे लक्षण. पेडल स्पंजासारखे मऊ लागले तर ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली आहे किंवा ऑइलमध्ये पाणी मुरले आहे. दाबून धरलेले पेडल सावकाश तळाला जाऊ लागले तर मास्टर सिलिंडर गळतो आहे. टाकीतील ऑइल कमी होते पण चाकांजवळ ओल दिसत नाही, असे आढळले तर ते मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून थेट बूस्टरमध्ये जात असण्याची शक्यता असते, आणि ते ऑइल आतील रबर खाऊन टाकते. व्हॉल्व्ह किंवा नळी बदलणे स्वस्तात होते. अख्खा बूस्टर बदलणे महागात पडते. लवकर निदान करण्याचा हा सरळ व्यवहारी फायदा आहे.

सकाळच्या पहिल्या एक-दोन ब्रेकला चाकाकडून येणारी घरघर मात्र वेगळी. दवामुळे डिस्कवर रात्रीत पातळ गंज चढतो आणि तो पॅडने घासला जातो. तेवढ्याने चिंता करण्याचे कारण नाही.

दमट हवा, पूर आणि गंज

थंडीपेक्षा ठाणे जिल्ह्यातील ब्रेकचा खरा शत्रू पाणी आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यानंतरची किमान मर्यादा १४० अंश आहे. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. कोकणच्या चार महिन्यांच्या पावसात हा ओलावा वेगाने मुरतो, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा सल्ला दिला जातो. ओले ऑइल घेऊन माळशेज किंवा कसारा घाट उतरणाऱ्या गाडीत सतत ब्रेक दाबल्याने ऑइल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जाते. हिवाळी सहलींच्या मोसमात याची आठवण ठेवलेली बरी.

बूस्टरचा डबा पत्र्याचा असतो, हेही विसरून चालणार नाही. २०२२ मध्ये मर्सिडीझ-बेंझ या कंपनीला २००४ ते २०१५ या काळात तयार झालेल्या एमएल, जीएल आणि आर श्रेणीतील सुमारे दहा लाख गाड्या जगभरातून तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या. बूस्टरवरील रबरी आवरणाखाली पाणी साचून पत्रा गंजण्याची आणि त्यातून हवा गळण्याची शक्यता आढळली होती. एवढ्या महागड्या गाड्यांची ही कथा, तर २६ जुलै २००५ च्या प्रलयात किंवा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बुडालेल्या साध्या मोटारींचे काय, याचा विचार जुनी गाडी विकत घेणाऱ्याने करायला हवा. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकली जाते. आसने आणि गालिचे बदलले जातात. बूस्टरचा डबा कोणी उघडून पाहत नाही. पावसाळ्यात शिरलेले पाणी पुढच्या एखाद्या डिसेंबरात पेडलवाटे बोलते.

'ब्रेक फेल'चा शिक्का

अपघात झाला की 'ब्रेक फेल' हे दोन शब्द सर्वप्रथम कानी येतात. त्यांनी चर्चा सुरू होण्याऐवजी संपते, ही खरी अडचण आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ एका ट्रकने एकामागून एक अनेक वाहनांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र चालकाने इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केल्याचे पुढे आले. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला बळ पुरवणारी यंत्रणाही बंद. शिवाय गिअरमधून मिळणारा इंजिनाचा अटकावही संपला. उतारावर साठवलेला दाब दर ब्रेकगणिक घटत जातो आणि शेवटी चालकाच्या पायाखाली काहीच उरत नाही. मोटारीच्या बूस्टरलाही हाच न्याय लागू होतो. गायमुखच्या घाटात किंवा मुंब्रा बाह्यवळणाच्या उतारावर न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद करून गाडी सोडणारा चालक काही थेंब इंधनासाठी केवढी जोखीम पत्करतो, ते यावरून कळावे.

कुर्ल्याची घटना याच्या उलट बाजूची. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री बेस्टच्या ताफ्यातील विजेवर चालणाऱ्या बसने एस. जी. बर्वे मार्गावर अनेकांना चिरडले. तेथेही पहिला शब्द 'ब्रेक फेल' हाच होता. परिवहन विभागाच्या तपासणीत ब्रेक चालू स्थितीत आढळले आणि रोख चालकाच्या प्रशिक्षणाकडे वळला. यंत्राचा दोष नसताना यंत्राला आणि यंत्राचा दोष असताना थंडीला जबाबदार धरणे, या दोन्ही सवयी खऱ्या कारणापर्यंत पोहोचू देत नाहीत.

तपासणार कोण?

आता मूळ प्रश्नाकडे यावे. बस, ट्रक, टॅक्सी, शाळेच्या व्हॅन अशा व्यावसायिक वाहनांना योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, असा त्याचा नियम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर ही तपासणी २५० मीटरच्या चाचणी मार्गावर ब्रेक पाहूनच व्हावी, असा आग्रह धरला. तेव्हा असा मार्ग नसलेल्या परिवहन कार्यालयांची पंचाईत झाली होती. तपासणी माणसाच्या नजरेवर न सोडता स्वयंचलित केंद्रांत व्हावी, असे केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवले. पण त्याच्या सक्तीची मुदत नंतर पुढे ढकलावी लागली.

खासगी मोटारीची स्थिती याहून विचित्र आहे. नोंदणी झाली, की पंधरा वर्षे तिला योग्यता तपासणी नाही. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना पहिली सरकारी नजर तिच्यावर पडते. मधल्या काळात पीयूसी प्रमाणपत्र ठरावीक मुदतीने घ्यावे लागते; त्यात धूर पाहिला जातो, ब्रेक नाही. एमएच ०४ किंवा एमएच ०५ क्रमांकाची, चौदा वर्षे वापरलेली, दोन-तीन मालक बदललेली मोटार रस्त्यावर कायदेशीर असते आणि तिचा बूस्टर त्या काळात एकदाही कोणी तपासलेला नसतो. इंग्लंडमध्ये तीन वर्षांनंतर दरवर्षी मोटारीची सक्तीची तपासणी होते आणि वर सांगितलेली पहिली चाचणी, म्हणजे पेडल दाबून इंजिन सुरू करणे, त्या तपासणीचा भाग आहे. जर्मनी आणि जपानमध्येही तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी तपासणी चुकत नाही.

आपल्याकडे प्रत्येक खासगी मोटारीला अशी सक्ती लागू केली तर रांगा, दलाल आणि कागदोपत्री प्रमाणपत्रे यांचेच पीक येईल, अशी शंका घेतली जाते. ती निराधार नाही. परंतु मधला मार्ग काढता येतो. दहा वर्षांहून जुन्या मोटारींच्या पीयूसीसोबत पेडलच्या तीन साध्या चाचण्या घेता येतील. त्याला खर्चिक यंत्र लागत नाही, प्रशिक्षण लागते. मालकी बदलताना ब्रेक तपासणीचा दाखला सक्तीचा करता येईल. मोठ्या गृहसंकुलांना वाहनतळातच पहाटेची तपासणी शिबिरे भरवता येतील. दुपारी गॅरेजमध्ये लपणारे दुखणे तेथे लपणार नाही.

तोवर चालकाच्या हाती असलेले उपाय साधे आहेत. सकाळी इंजिन सुरू करून काही क्षण थांबावे, गाडी हलवण्यापूर्वी एकदा पेडल दाबून पाहावे आणि वाहनतळाच्या उतारावर पहिल्या गिअरमध्येच उतरावे. धावत्या गाडीत पेडल अचानक कडक झाले तर इंजिन बंद करू नये. पूर्ण ताकदीने पेडल दाबावे, गिअर क्रमाने खाली आणावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. त्याची तार बूस्टरवर अवलंबून नसते. त्यानंतर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेण्याचा मोह टाळून ती ओढून न्यावी.

फेब्रुवारी संपता संपता कल्याणचा पारा चढू लागेल आणि पहाटेच्या तक्रारी आपोआप थांबतील. गाड्या दुरुस्त झाल्या, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. फाटलेला पडदा उन्हाळ्यातही फाटलेलाच असतो. सकाळची सूचना तेवढी मिळेनाशी होते, आणि पुढची सूचना मिळेल ती कदाचित घाटात.